बिनदातांचा वाघ

एका जंगलात, बाळांनो, केतकी नावाची खार राहायची, आणि तिने काढलेल्या वाघाच्या दातांवर एके सकाळी लाल पेन्सिलीची फुली आली.

केतकी कला महाविद्यालयात चार वर्षं शिकलेली. पान पडलं तरी दचकून शेंड्यावर जायची. पण हातात ब्रश असला की शेपटीसुद्धा हलायची नाही. 'शूर वाघ' हे तिचं पहिलं पुस्तक. मुखपृष्ठावर पोरीचं नाव येणार, असं आईने अख्ख्या झाडाला सांगून ठेवलं होतं.

फुली संपादक बगळेसरांची होती. दात बघून बछडी घाबरतील, असं त्यांचं म्हणणं. बछड्यांच्या घरी सगळ्यांनाच दात असतात, हे केतकीच्या अगदी ओठांवर आलं. तिने लिहिलं, 'चालेल सर.'

मग नखं गेली. मग पट्टे गेले, कारण सरांच्या मिसेसना ते बघून गरगरलं. मग वाघाच्या हातात फुगा आला. "लहान मुलांचंच तर आहे, तासाभरात होईल," सर दर वेळी म्हणायचे, आणि केतकीला दर वेळी चालायचं. एकाही बछड्याला कोणी काही विचारलं नाही. मुलांच्या पुस्तकात तशी पद्धत नसते.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर फुगा धरलेलं गोंडस मांजर. खाली ठळक अक्षरांत संपादकांचं नाव. मागे बाइंडरचे आभार. केतकीचं नाव कुठेच नव्हतं.

"आतल्या पानावर असेल गं, नीट बघ," आई म्हणाली. केतकीने तीनदा नीट बघितलं.

तेव्हा मात्र तिने ठरवलं की आता बोलायचंच. बोलायचं वाक्य तिने कागदावर लिहून घेतलं, पाठ केलं आणि सरांना फोन लावला. पाच वेळा कोणी उचलला नाही. प्रत्येक वेळी तिला जरा बरंच वाटलं.

सहाव्यांदा उचलला.

"सर, पुस्तकात चित्रकाराचं नाव राहिलंय," ती एका दमात म्हणाली.

"राहिलंय खरं," पलीकडून जाड आवाज आला. मागे बछडी 'बाबांचं मांजर केलं' म्हणून भोकाड पसरून रडत होती. आवाज वाघाचा होता, आणि त्याला सगळे दात होते. "बगळे आत्ताच संपले. आता तेच नाव शोधतोय. आपण कोण?"

तात्पर्य: सगळ्या दुरुस्त्या मुकाट्याने मान्य कराव्यात, आणि मग नावासाठी अजिबात धीट होऊ नये. जे छापलंय, तेवढंच वाघ वाचतो.