एकोणतिसाव्या पानावरचा कट

"हे नाक, ही नजर आणि हा मेंदू देवाने एकाच माणसाला का दिला, मला खरंच कळत नाही," शेजारचे प्रधानकाका स्वतःकडे बोट दाखवत म्हणाले.

चारुलतालाही कळत नव्हतं. न्हावा शेवा बंदरातल्या एका एजंटाकडून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी सानपाड्यात दारावर पाटी लावली होती: 'जयप्रकाश प्रधान, गुप्तहेर. वेळ १० ते १.' गुन्हेगारांनी वामकुक्षी मोडू नये, एवढीच अपेक्षा.

एसटीडी बूथच्या वरच्या वाचनालयात चारुलता नुकतीच नोकरीला लागली होती आणि तिची अडचण खरी होती. सासूबाईंच्या, मालतीबाईंच्या पायाचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी त्या उठायला तयार नव्हत्या. "तू आणतेस त्या सगळ्या कादंबऱ्यांत बायका रडतात, नाहीतर मरतात. मी कशाला उठू? हसवणारी, जिंकणारी बाई आण, मग बघू." डॉक्टर म्हणाले होते, आता उठल्या नाहीत तर कायमच्या बसतील.

काकांनी तपास हाती घेतला. आधी मुखपृष्ठावर हसणारी बाई निवडली. तिने चाळिसाव्या पानावर विहीर गाठली. मग पदर खोचलेली निवडली, म्हणजे कणखर. ती तीनशे पानं भांडी घासत होती.

"दुःखाला पानं फार लागतात," काका म्हणाले. "बारीक पुस्तक काढ."

ते बारीक होतं, कारण नायिका लवकर गेली होती.

तिसऱ्या दिवशी काका खोडरबर घेऊन आले आणि दार लोटून कुजबुजले, "तस्करांची टोळी आहे. प्रत्येक कादंबरीत पान एकोणतीस, खाली पेन्सिलीने टिंब, फुली, नाहीतर फूल. फूल म्हणजे सोनं. मी काल सगळं पुसून त्यांचा संपर्क तोडलाय."

तेवढ्यात सानपाडा गावातल्या चांगुणाबाई मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आल्या. पुस्तक उघडून थबकल्या. "बाय, हितली खून कोनी पुसली?"

खून म्हटल्यावर काका ताठ बसले. पण त्या खुणेबद्दल बोलत होत्या.

"आमी बायका करतो ना. वाचलं की टिंब, म्हंजे परत न्यायला नको. रडकी असली तर फुली. हसवनारी, कुनाचं न ऐकनारी असली तर फूल. पहिल्या पानावर केली तर हितले आधीचे मास्तर ओरडायचे, म्हनून आत एकोनतिसाव्यावर."

चारुलताने काकांकडे पाहिलं. काकांनी खोडरबर खिशात घातलं. मग चारुलताने चांगुणाबाईंना सासूबाईंची अडचण सांगितली.

"माज्या घरी एक हाय, फुलाची," चांगुणाबाई म्हणाल्या. "सासूला दे."

मालतीबाई दोन दिवस पोट धरून हसल्या. तिसऱ्या दिवशी काठी टेकत, जिन्यात चारदा थांबत त्या स्वतः वाचनालयात आल्या, दुसरं पुस्तक मागायला. चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोपऱ्यात नऊशे कादंबऱ्यांमागे काका बसले होते, हातात पेन्सिल. प्रत्येक कादंबरी वाचून पुसलेली खूण परत करायची, ही शिक्षाच होती. "पहिल्याच पुस्तकात तिघी गेल्या हो," ते नाक पुसत म्हणाले.

"सरका," मालतीबाई म्हणाल्या. "अर्धा गठ्ठा इकडे द्या."

पुढे कधीतरी काकांच्या पाटीवर, 'गुप्तहेर'च्या खाली, कोणीतरी पेन्सिलीने बारीकसं फूल काढलं. काकांनी ते अजून पुसलेलं नाही.