हलक्या यंत्राचे गुणदोष

दिवाबत्ती खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या खांद्यावर फार भार आहे, असं खातेप्रमुखांच्या लक्षात आलं. काम कमी करणं त्यांच्या अधिकारात नव्हतं, म्हणून त्यांनी लॅपटॉप हलका करायचं ठरवलं. कुठल्याशा परिषदेत त्यांनी एक इतका सडपातळ लॅपटॉप पाहिला होता की दाखवणारा माणूस तो दोन बोटांत धरून स्वतःला वारा घालत होता. यंत्र साहेबांच्या मनात तेव्हाच भरलं. पण खात्याची खरेदी मनात भरून होत नाही, तिला गुणदोषांचा अहवाल लागतो. म्हणून एक नमुना मागवण्यात आला आणि चाचणीसाठी उपअधीक्षकांच्या हवाली करण्यात आला.

उपअधीक्षकांना खात्यात सगळे 'मुद्देसूद' म्हणत. घरी चहात साखर कमी पडली तरी ते 'मुद्दा पहिला' अशीच सुरुवात करत. अधीक्षकांची खुर्ची रिकामी होती, पाळी यांचीच होती आणि बढतीच्या कागदावर सही साहेबांची व्हायची होती. त्यामुळे त्यांनी चाचणी फारच मनावर घेतली.

यंत्राला एकच भोक होतं. त्यात चार्जर खुपसला की माऊसला जागा नाही, आणि माऊस जोडला की यंत्र तासाभरात डोळे मिटायचं. संगणक विभागाच्या मॅडमनी त्यावर एक जोडणीची डबी दिली. बटणं इतकी चपटी होती की दाबली की नाही ते बोटाला कळायचं नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड आला. आत पंखा नव्हता, म्हणून खाली ठेवायला पंखेवाला स्टँड आला. शेवटी हे सगळं मावेल अशी पाठीवरची पिशवी आली.

संध्याकाळी बायकोनं ती बाजूला ठेवायला उचलली आणि होती तिथेच सोडली.

"अहो, यात काय विटा भरल्यात?"

"हलका लॅपटॉप आहे."

"मग तो जुना, जड होता तो?"

"तेव्हा नुसता लॅपटॉप होता," मुद्देसूद म्हणाले आणि खांदा चोळत बसले.

त्यांनी प्रामाणिकपणे अहवाल लिहायला घेतला. गुणांचं अर्धं पान झालं, दोष काही संपेनात. मसुदा वाचून मॅडमनी दार लोटून घेतलं.

"हे असं पाठवणार?"

"खरं आहे ते लिहिलंय."

"खरं आहे हो. पण यंत्र साहेबांनी निवडलंय. तुम्ही यंत्राचे दोष काढताय की साहेबांचे?"

मुद्देसूदांनी रिकाम्या खुर्चीचा विचार केला आणि दोषांकडे नव्या नजरेनं पाहिलं. भोक एकच असल्यानं परकी उपकरणं आत शिरत नाहीत, सबब माहिती सुरक्षित राहते. यंत्र मांडीवरून घसरतं, सबब कर्मचारी ताठ बसतो. तापल्यावर ते काही काळ काम थांबवतं, सबब कर्मचाऱ्याच्या डोळ्यांना विश्रांती मिळते. दोषांच्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं, टेबलावरचा सगळा गठ्ठा चारी बाजूंनी ठोकून सरळ केला, फाईलमध्ये घातला, नाडी आवळली आणि फाईल रवाना केली.

आणि मग लॅपटॉप सापडेना.

त्यांनी कपाटं पाहिली, खण पाहिले, घरी गादीखाली हात घातला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वर्तमानपत्रांत नाही ना गेला? सकाळीच रद्दी दिली मी." मुद्देसूद मटकन खाली बसले. लॅपटॉप हरवलेल्या माणसाला कोण अधीक्षक करणार?

इकडे फाईल टेबलामागून टेबल पुढे सरकत होती. तपासणी शाखेनं ती हातात तोलली आणि शेरा मारला : 'अहवाल सखोल आहे.' लेखा शाखेनं दोन्ही हातांनी उचलली आणि लिहिलं : 'अहवाल अत्यंत सखोल आहे, सहमत.' साहेबांनी तर मुद्देसूदांना केबिनमध्येच बोलावून घेतलं.

"यंत्र आणलं नाहीत?"

मुद्देसूदांनी घाईनं मुद्दा मांडला. "साहेब, त्याचं वैशिष्ट्यच ते आहे. जवळ आहे असं वाटतच नाही."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," साहेब म्हणाले. त्यांनी फाईलवर प्रेमानं हात फिरवला. "एवढा अभ्यास हल्ली कोण करतं? मी शब्दन् शब्द वाचलाय." एवढं बोलून त्यांनी नाडी न सोडता वरच्याच कागदावर मंजुरीची सही केली.

फाईल छातीशी धरून मुद्देसूद आपल्या खोलीत आले. नाडी सोडून त्यांनी पानं उलटली. अहवालाच्या शेवटच्या पानाखाली लॅपटॉप होता. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ टिकला नाही. यंत्राच्या कोपऱ्यात न पुसल्या जाणाऱ्या शाईनं पान क्रमांक घातला होता आणि त्याखाली कुणाची तरी आद्याक्षरं होती. म्हणजे एका माणसानं फाईल उघडली होती. त्यानं पानं नेमानं मोजली होती आणि त्याला वावगं काही दिसलं नव्हतं.

ते मॅडमकडे धावले. "काढून घेऊ ना?"

"मंजूर फाईलमधलं क्रमांकाचं पान काढणार? चौकशी लागेल तुमच्यामागे."

"अहो, पण तो लॅपटॉप आहे."

"होता. आता पुरावा आहे."

नाडी पुन्हा बांधली गेली आणि फाईल अभिलेख कक्षात जमा झाली. मुद्देसूद अधीक्षक झाले. खात्यात सगळ्यांना सडपातळ लॅपटॉप मिळाले. कामं जुन्या यंत्रांवर चालतात आणि साहेबांची फेरी आली की नवी यंत्रं उघडून ठेवली जातात. मध्यंतरी कर्मचाऱ्यांचा अभिप्राय मागवला, तेव्हा सर्वांनी 'उत्तम' असं लिहून दिलं.

परवा मेहुणा जेवायला आला होता. "भाऊजी, मी पण तसलाच घ्यावा म्हणतोय. कसा आहे हो?"

बायको वाढता वाढता थांबली. अधीक्षकांनी घास गिळला. चुकलो म्हणायची ही चांगली संधी होती. घरचा माणूस होता, साहेब ऐकत नव्हते आणि बढतीही पदरात पडली होती.

"मस्त आहे," ते म्हणाले. "डोळे मिटून घे."

तुम्ही हसताय, ते ठीकच आहे. पण तुमच्या घरात मोठ्या हौसेनं आणलेली ती जी वस्तू आहे, जिच्याबद्दल शेजारी विचारायला आले होते, त्यांना तुम्ही काय सांगितलंत? त्यांनीही ती घेतली म्हणे. आणि त्यांना कुणी विचारलं तर तेही मस्तच म्हणतात.