शाळेसमोरचा थांबा

"हात असा वर करायचा. सरळ. कानाला चिकटून. म्हणजे चालकाला आपण दिसतो आणि वाहन थांबते," नव्या बाई म्हणाल्या आणि दुसरीच्या अख्ख्या वर्गाने हात वर केले. मागच्या बाकावरच्या एकाने दोन्ही केले.

"दोन नकोत. दोन हात चोराने वर करायचे असतात."

वर्ग खदखदून हसला. बाई सुखावल्या. या भाषेत त्यांनी केलेला हा पहिलाच विनोद होता आणि तो चक्क कळला होता.

नव्या बाई परदेशातून आल्या होत्या. इथली भाषा त्या जाडजूड पुस्तकांतून शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांचं व्याकरण शाळेत सगळ्यांत पक्कं होतं आणि बोलणं मात्र सरकारी पत्रकासारखं यायचं. "मामा, खिडकी उघडण्याची कृपा कराल का?" असं त्या शिपायाला विचारायच्या, आणि शिपाईमामा इतके भारावून जायचे की खिडकीबरोबर दारही उघडून ठेवायचे.

रस्ता सुरक्षा सप्ताह आला तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो सरळ नव्या बाईंच्या गळ्यात घातला. "तुमच्याकडे फार शिस्त असते म्हणतात. आमच्या पोरांना जरा वळण लावा." नव्या बाईंनाही ते मनातून पटलं होतं. शाळेसमोरच्या रस्त्यावरून गाड्या अशा सुटायच्या, जणू शाळा म्हणजे वाटेत चुकून बांधलेली भिंत. बाईंच्या देशात असं नव्हतं. तिथे मुलं हात वर करून उभी राहिली, शेजारी तांबडी पाटी असली, की गाड्या आपोआप थांबायच्या.

म्हणून बाईंनी पाटी करवून घेतली. मामांनी गोल फळी तांबडी रंगवली, तिला बांबू ठोकला आणि बांबू रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून उभा केला. काय लिहायचं यावर बाईंनी बराच विचार केला होता. 'थांब' लिहिलं तर चालकांना उद्धट वाटेल. परक्या देशात येऊन कुणाला अरे-तुरे करणं बरं नव्हे. त्यांनी आदरार्थी रूप निवडलं.

"नुसतं 'थांबा' लिहू?" मामांनी ब्रश हातात धरून विचारलं.

"होय. आज्ञा थोडक्यात असावी."

मामांनी पांढऱ्या रंगात टपोरं 'थांबा' काढलं. बाई थोड्या उद्धट असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाला घेऊन झेब्रा पट्ट्यांपाशी गेल्या. पाटी कडेला उभी केली. मुलांची रांग लावली. "हात वर!" म्हटल्याबरोबर सगळे हात कानांना चिकटले. तेवढ्यात वळणावरून बस आली, हळू झाली आणि अगदी मुलांसमोर येऊन उभी राहिली. बाईंचा ऊर भरून आला. अशी सभ्य बस त्यांनी या गावात पाहिलीच नव्हती.

दार उघडलं. कंडक्टर बाहेर वाकला. "चला, चला, पटापट वर! आत सरकत जा!"

रस्त्यावर मोठी माणसं सांगतील ते निमूट ऐकायचं, हे बाईंनीच त्या सकाळी शिकवलं होतं. मुलं निमूट बसमध्ये चढू लागली. रांगेत, धक्काबुक्की न करता.

"उतरा! कृपया उतरा! ही चूक आहे!" बाई ओरडल्या.

कंडक्टर वैतागला. "मग हात कशाला दाखवला?"

"आपण थांबावे म्हणून!"

"थांबलोच की!"

बाईंनी मुलांना एकेक करून खाली ओढलं, कंडक्टरने काहीतरी पुटपुटत घंटी मारली आणि बस गेली. बाईंनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. पहिल्या बाकावरची चिमणी नव्हती. बाई बोलू लागल्या की जिचं तोंडही त्यांच्याबरोबर हलायचं, ती चिमणी.

मुलांना मामांच्या हवाली करून बाई बसमागे धावत सुटल्या. धावताना त्यांचा हात अजून वरच होता, त्यामुळे एक रिक्षा त्यांच्याशेजारी येऊन थांबली. "कुठे जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं. बाईंचं व्याकरण आयुष्यात पहिल्यांदा कोसळलं. "ती बस! माझा मुलगी! पुढे!" त्या म्हणाल्या आणि आत कोसळल्या.

पुढच्या थांब्यावर एक म्हाताऱ्या आजी चिमणीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. "तुमची का ही?" त्यांनी विचारलं. "एवढ्याशा पोरीला एकटीला बसमध्ये बसवतं का कुणी?"

चिमणी मात्र खूश होती. "बाई, मला खिडकी मिळाली!"

शाळा सुटताना चिमणीची आई आली. ती ओरडेल अशी बाईंची अपेक्षा होती, किंबहुना आशा होती. पण ती ओरडली नाही. "घरी आल्यापासून हिचं एकच चालू असतं," ती म्हणाली. "बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. आम्ही सांगितलेलं ऐकत नाही, तुमचं ऐकते. म्हणून जरा जपून सांगत जा, एवढंच."

लाज, शरम, खजील होणं, ओशाळणं, हे सगळे शब्द बाईंना आजवर समानार्थी वाटत आले होते. घरी जाताना प्रत्येकाचा अर्थ निराळा कळला.

सकाळी त्या शाळेत आल्या, तर पाटीपाशी कालच्या आजी उभ्या. त्यांच्यामागे दोन बायका, पिशवीवाला एक माणूस आणि अशीच आणखी मंडळी. आजींना शाळेमागच्या दवाखान्यात गुडघे शेकायला यावं लागे. खरा थांबा पार लांब, म्हणजे शेकलेले गुडघे तिथवर चालत जाईतो पुन्हा दुखायला लागत. काल बस इथे थांबलेली त्यांनी बसच्याच खिडकीतून पाहिली होती आणि दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

"आजी, हा थांबा नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय की!"

"ते क्रियापद आहे."

"काय आहे?"

"क्रियापद. आज्ञार्थी."

आजींनी मान डोलावली आणि मागे वळून सांगितलं, "क्रियापदला जाणारी पण इथेच थांबते म्हणे."

बस आली आणि थांबली. एवढी माणसं पाटीखाली उभी दिसल्यावर कुठला ड्रायव्हर थांबणार नाही?

बाईंनी पाटी उचलून आत नेली. लोकांना वाटलं, रंगवायला नेली. ते तिथेच उभे राहिले. म्हणून बाईंनी मामांकडून त्याच फळीवर नवं लिहून घेतलं, 'हा थांबा नाही'. पण अंदाज चुकला. 'हा थांबा' एवढ्यातच फळी भरली आणि 'नाही' खाली कडेला, मुंगीएवढं बसवावं लागलं. आधी एकच बस थांबत होती. तिचा ड्रायव्हर निदान साशंक होता. आता 'हा थांबा' असं कुणीतरी बजावून सांगितल्यावर सगळ्याच बस थांबू लागल्या.

आणि मग ते घडलं. शाळा सुटली होती, पट्ट्यांना खेटून बस उभी होती. चिमणी बसच्या पुढून रस्त्यावर उतरली. बसच्या आडून येणारं तिला काही दिसत नव्हतं, पण हात मात्र कानाला चिकटलेला होता. तिकडून अंडीवाला सायकलवरून आला. त्याने हँडल वळवलं, सायकल आडवी झाली आणि रस्ताभर पिवळंधमक झालं. चिमणीच्या बुटावर एक अंडं फुटलं. बाकी तिला काही झालं नाही.

"अहो, हात वर केला म्हणून काय मी जागच्या जागी थांबू?" अंडीवाला कोपर चोळत म्हणाला. "मागे अख्खा डोंगर होता अंड्यांचा!" मग त्याने बाईंचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "बसा जरा. पाणी घ्या. पोरगी ठीक आहे हो."

ज्याची अंडी फुटली तोच आपल्याला पाणी देतोय, हे बाईंना सहन होईना. त्या तशाच उठून बस वाहतुकीच्या कचेरीत गेल्या.

"शाळेसमोरचा थांबा बंद करा," त्यांनी साहेबांना सांगितलं. "तो मी निर्माण केला आहे. मी दोषी आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "शाळेसमोर आमचा थांबाच नाही."

"तेच तर मी म्हणते. तो बंद करा."

"बाई, नसलेला थांबा बंद कसा करणार? बंद करायला आधी तो असायला लागतो."

"मग काय करावे?"

"सोपं आहे. आधी मंजूर करून टाकू. मग बंद करायचं सावकाश बघू."

आपल्यासारख्या अपराध्याने इथल्या कारभारावर बोलू नये, असं वाटून बाईंनी मान खाली घातली. साहेबांनी तो होकार समजला.

थांबा मंजूर झाला. लोखंडी खांब आला, वर पत्रा आला. आणि थांबा म्हटला की पट्टे त्याच्यापासून लांब हवेत, दोन्हीकडे गतिरोधक हवेत आणि गर्दीच्या वेळी हवालदार हवा, असा नियम निघाला. मोठ्या बाई कित्येक वर्षं गतिरोधकासाठी खेटे घालत होत्या. शाळेसाठी तशी तरतूद नाही, असं त्यांना सांगितलं जायचं. आता गतिरोधक झाले, तेही चांगले दणकट. गाड्या शाळेसमोर येऊन पहिल्यांदाच श्वास घेऊ लागल्या.

"काय डोकं चालवलंत हो!" मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाहीत!"

थांब्याच्या छोट्याशा समारंभात त्यांनी नव्या बाईंना बोलायला उभं केलं. बाईंनी ठरवलंच होतं. "हा थांबा माझ्या अज्ञानातून झाला," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे एक मुलगी हरवली होती. माझ्यामुळे ती सायकलखाली येणार होती. माझे अभिनंदन करू नये. मला लाज वाटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती तो विनय!" साहेब म्हणाले. आजींनी तर डोळे पुसले.

एक चिमणीची आई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली. "ते विनयाने नव्हतं, मला कळलं," ती म्हणाली. "उद्यापासून शाळा सुटताना मी पण उभी राहीन रस्त्यावर. तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या." बाईंनी तिचं मनगट धरलं.

पुढच्या आठवड्यात नवा हवालदार वर्गावर आला. त्याने टोपी टेबलावर ठेवली, फळ्यावर खडूने गोल काढला आणि त्यात झोकात 'थांबा' असं लिहिलं. मोठ्या बाई दारात कौतुकाने उभ्या होत्या.

"हं, सांगा बघू," हवालदार म्हणाला. "रस्त्यावर ही पाटी दिसली, की काय करायचं?"

"रांग लावायची!" अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला.

"आणि मग?"

"आत सरकत जायचं!"

हवालदाराने नव्या बाईंकडे पाहिलं. नव्या बाईंनी फरशीकडे पाहिलं. हवालदाराने खडू पुढे केला. बाईंनी तो घेतला, फळा पुसला आणि जमिनीवरची नजर न उचलताच म्हणाल्या, "मुलांनो, सगळे बाहेर चला. पुन्हा पहिल्यापासून. आणि हात कृपया खाली."