सतराव्या क्रमांकाची खुर्ची

प्रा. मधुकर लांजेवार रोज दुपारी चार वाजता आपले दार उघडतात, गॅलरीत मांडलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतात आणि स्वच्छ आवाजात म्हणतात, "क्रमांक सतरा." मग थांबतात. पुन्हा म्हणतात. पुन्हा थांबतात. तिसऱ्या हाकेनंतर दार उघडेच ठेवून ते आत टेबलापाशी बसतात आणि तिथून त्या खुर्चीची मुलाखत घेतात.

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या या इमारतीत मी चार वर्षांपूर्वी राहायला आलो. पहिल्या मजल्यावर दोनच घरे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लांजेवार, मध्ये बावीस फुटांची गॅलरी. मी भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षे जमिनी मोजल्या. मोजले तेवढेच लिहायचे आणि शंका आली की फेरमोजणी करायची, हे दोन नियम मी नोकरीत पाळले व घरीही पाळतो. त्यामुळे शेजाऱ्याविषयी जे पुढे लिहितो आहे, त्यात पदरचे काही नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांचे दार वाजवले. आतून प्रश्न आला, "कोण आणि कशासाठी?" मी म्हणालो, पाण्याची वेळ विचारायची आहे. आतून उत्तर आले, "हेतू सांगितला, नाव सांगितले नाही. पुन्हा वाजवा." मी पुन्हा वाजवले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एका बंद दाराला माझे नाव, गाव आणि हुद्दा सांगितला. तेव्हा दार उघडले. समोर पांढरा शर्ट खोचलेले, बारीक, ताठ गृहस्थ उभे होते. हातात जाड नोंदवही. "नोंद घेतली," ते म्हणाले आणि मग पाण्याची वेळ सांगितली.

‘नोंद घेतली’ हे त्यांचे पालुपद. लांजेवार एका महाविद्यालयात संवादकौशल्य शिकवत असत. विद्यार्थ्याच्या अंगी कोणत्या क्षमता असाव्यात याची एक यादी कधी काळी वरून आली होती. ती त्यांच्या दारावर अजून चिकटवलेली आहे. विचार नीट मांडणे, ऐकून घेणे, इतरांबरोबर काम करणे, वेळ पाळणे, न येणारे शिकणे, चूक कबूल करणे. खाली लाल शाईने, त्यांच्या हातची एक ओळ: हाकेला ओ देणे. इतर प्राध्यापकांनी ती यादी फाईलला लावली असावी. लांजेवारांनी तिच्यावरून माणसे तपासायला घेतली.

दूधवाला त्यातून सुटला नाही. पेपरवाला सुटला नाही. केबल दुरुस्त करायला आलेला एक तरुण दमून त्या गॅलरीतल्या खुर्चीवर टेकला, तेव्हा लांजेवारांनी त्याला आधी उठवले, आत नेऊन दुसऱ्या खुर्चीवर बसवले आणि पाऊण तास त्याच्या आयुष्यातील अपयशाचा प्रसंग व त्यावर केलेली मात विचारली. तो पुन्हा आला नाही. केबल अजून बंद आहे. भाजीवालीला त्यांनी स्वतःविषयी तीन वाक्ये सांगायला लावली. ती म्हणाली, "मी भाजी इकतो. नवरा काई करत नाही. मेथी घ्याची हाय का नाही?" लांजेवारांनी दोन जुड्या घेतल्या आणि वहीत लिहिले, संक्षेप: उत्कृष्ट.

माझ्याविषयी त्यांनी काय लिहिले आहे, हे मी एकदा ओझरते वाचले. वेळ पाळणे: उत्तम. ऐकून घेणे: आढळले नाही.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या खुर्चीकडे मात्र माझे लक्ष गेले.

साधी लाकडी खुर्ची, उजवा हात थोडा सैल. धूळ येथे सर्वांवर बसते. अमरावती रोडवरचे ट्रक आणि गोदामे यांच्यामुळे सकाळी पुसलेल्या कठड्याची धूळ दुपारी बोटाला लागते. खुर्चीवर धूळ नसे. मी कामवालीला विचारले. ती म्हणाली, "मी त्या खुर्चीले हात नाही लावत, बाबूजी," आणि काहून ते सांगितले नाही. दुसरी गोष्ट, मी आलो तेव्हा ती खुर्ची माझ्या दाराजवळ होती. काही महिन्यांनी ती गॅलरीच्या मध्यावर होती. ती कोणी उचलून नेताना मी पाहिले नव्हते. मी फरशीवर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी खुर्चीचा पाय खुणेच्या पुढे एक बोट होता. तिसऱ्या दिवशी दोन बोटे. खुर्ची लांजेवारांच्या दाराकडे चालली होती. वर्षभरात ती उंबऱ्याशी पोहोचली. एका सकाळी ती पुन्हा माझ्या दाराजवळ दिसली आणि तिची चाल नव्याने सुरू झाली.

मी खुणा करत राहिलो.

यंदा माझी नात श्रुती शिक्षणाच्या शेवटच्या वर्षासाठी माझ्याकडे राहायला आली. आईवडील भंडाऱ्याला. मुलगी हुशार आहे. गुणपत्रिकेत दोष काढायला जागा नाही. परंतु नोकरीच्या मुलाखतीत तिचा आवाज निघत नसे. दोन कंपन्यांनी तिला बोलावले आणि दोन्ही ठिकाणी ती नाव पुकारल्यावर तशीच बसून राहिली. लोकांना वाटले, ती आलीच नाही. तिसरी आणि यंदाची शेवटची मुलाखत मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत एप्रिलमध्ये होती. तीही गेली तर सामान बांधून परत ये, असे तिच्या वडिलांनी कळवले होते. आमच्या घरात बोलणे कमी. ती जेवताना भाजी हवी की नको हे मानेने सांगते आणि मीही मानेनेच विचारतो. तिला बोलायला शिकवणे माझ्या हातचे नव्हते. मी तिला लांजेवारांकडे नेले.

त्यांनी तिला आपादमस्तक पाहिले आणि सांगितले, "तुमचा क्रमांक अठरा. तुमच्या आधी एक उमेदवार आहे. त्याचे झाले की बोलावीन. तोवर तुमच्या दारात उभे राहून ऐका."

एप्रिलमधली नागपूरची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सारी वस्ती कूलरपुढे पडलेली असते. रस्त्यावर कुत्रेही नसते. कूलरच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नाही. अशा वेळी पंधरा दिवस माझी नात आमच्या दारात उभी राहून, एक माणूस रिकाम्या खुर्चीला विचारत असलेले प्रश्न ऐकत होती.

"गावाहून किती वाजता निघालात?" लांजेवार विचारत. मग थांबत. मान हलवत. "मग नदी कशी ओलांडली?" पुन्हा थांबत. "नाही, नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सावकाश सांगा. आवाज निघत नसेल तर हात वर करा. मी पाहतो आहे." हे शेवटचे वाक्य रोज असे.

त्यानंतर अठरा क्रमांकाला बोलावणे येई आणि श्रुती खुर्चीला वळसा घालून आत जाई. पहिले काही दिवस ती आत जाऊनही गप्प बसली. लांजेवार रागावले नाहीत. ते तिच्यासाठीही तसेच थांबत. पाचव्या दिवशी तिने एक वाक्य उच्चारले. त्या रात्री जेवताना तिने भाजी तोंडाने मागितली. मला बरे वाटले.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "आबा, सतराचे वडील बुरडकाम करतात."

मी विचारले, हे तुला कोणी सांगितले. ती म्हणाली, कोणीच नाही. सरांनी बांबू कुठून आणता असे विचारले आणि थोड्या वेळाने म्हणाले, म्हणजे टोपल्या तुम्हीही विणता तर. उत्तर तिने ऐकले नव्हते. प्रश्नावरून तिला ते कळले होते. मग तिने मला बरेच काही सांगितले. तो वैनगंगेपलीकडचा आहे. घरात पहिलाच शिकणारा. बोलताना खाली पाहतो. हे सारे ती एखाद्या वर्गमित्राविषयी बोलावे तसे बोलत होती.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "आज तो पटापट बोलून राहिला, आबा. आधी सर दोन-दोन मिनिटं थांबत. आज थांबलेच नाहीत. त्याची भीती गेली वाटते."

उन्हाळ्यात मला कधी थंडी वाजत नाही. त्या दिवशी मी कूलर बंद केला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, नात महाविद्यालयातून परतण्याआधी, मी लांजेवारांकडे गेलो. नाव, गाव, हेतू सांगून आत शिरलो आणि म्हणालो की मुलीला या खुर्चीच्या नादी लावू नका. खुर्ची रोज एक बोट सरकते, हे मी मोजले आहे, असेही सांगितले.

"बरोबर मोजले," ते म्हणाले. "मीच सरकवतो."

"कशासाठी?"

"त्याला ऐकू गेले नसेल, म्हणून."

मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने लिहितो. सेवानिवृत्तीच्या चार वर्षे आधी ते तोंडी परीक्षा घेत होते. विद्यार्थी व्हरांड्यात खुर्च्यांवर बसले होते, हे आतल्या खोलीत. क्रमांक पुकारायचा, तीनदा. ओ आली नाही तर पुढे गैरहजर लिहायचे. सतरा क्रमांक तीनदा पुकारला. ओ आली नाही. त्यांनी गैरहजर लिहिले व अठराला बोलावले. परीक्षा संपली, गुणपत्रक लाखबंद झाले, आणि ते बाहेर आले तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला, शेवटच्या खुर्चीवर, एक मुलगा बसलेला होता.

एवढे सांगताना ते शुद्ध बोलत होते. इथे त्यांची भाषा बदलली.

"मी म्हटलं, काहून बसला गा? तो म्हणे, सर, मी हजर होतो. आवाज नाही निघाला. मी त्याले म्हटलं, आता लिहिलेलं बदलत नाही. नियम आहे." ते नोंदवहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. "तो उठला, मले नमस्कार केला अन् गेला. कॉलेजात पुन्हा आला नाही. त्याचा प्रवेश अर्ज मी मग वाचला. गाव, बापाचा धंदा, सारं त्यात होतं. खुर्चीतून उठून दारापर्यंत गेलो असतो, तर दिसला असता. आठ पावलं होती. मी वर्गात संवाद शिकवत होतो, साहेब."

त्या गावी ते दोनदा जाऊन आले. कुटुंब कामासाठी कुठे गेले, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. महाविद्यालयाने जुने सामान विकायला काढले तेव्हा त्यांनी व्हरांड्यातली ती खुर्ची मागून घेतली. ती रोज तेच पुसतात.

चार वाजता मी आमच्या दारात उभा राहिलो आणि नातीबरोबर सगळे प्रश्न ऐकले.

मुलाखतीची वेळ दुपारी दोनची होती. आदल्या दिवशी श्रुतीने लांजेवारांना बरोबर चला म्हणून विचारले. तिने हे पूर्ण वाक्यात विचारले, याची त्यांनी नोंद घेतली नाही, इतके ते गडबडले. ऑटोने सीताबर्डी, तिथून मेट्रो, पुढे कंपनीचे फाटक. चारच्या आत परतणे शक्य नव्हते. ते खुर्चीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. लग्नकार्ये चुकवली होती. श्रुती उभीच होती. तिला नाही म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, तेव्हा मी म्हणालो, "हाक मी मारतो."

त्यांनी उघडलेले तोंड मिटले. मग किल्ली दिली. "तीन हाका. एक बोट. नोंद. मागचे पाहून लिहा."

चार वाजता मी त्यांचे दार उघडून उभा राहिलो. गॅलरी तापली होती. खुर्ची दारापासून सहा फुटांवर होती. मोजणीच्या कामात मी शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारल्या आहेत. पण त्या माझ्या शिपायाला. रिकाम्या खुर्चीला हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. पहिली हाक नीट निघाली नाही. दुसरी निघाली. तिसऱ्या हाकेनंतर मी टेबलापाशी बसलो नाही. गॅलरीतून चालत जिन्यापर्यंत गेलो आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिले. खाली कोणी नव्हते. पायऱ्या रिकाम्या होत्या. मी परत आलो, खुर्ची एक बोट पुढे सरकवली आणि वही उघडली.

मला वाटले होते, रोज गैरहजर लिहिलेले असेल. पानामागून पान उलटले. तारीख, क्रमांक सतरा, आणि पुढे प्रत्येक दिवशी, एकाच वळणाच्या अक्षरात, एकच शब्दजोडी: वाटेत आहे.

छत्तीस वर्षांत मी न मोजलेले काही लिहिले नव्हते. मी पेन उघडले आणि लिहिले, वाटेत आहे. खाली सही केली.

ती दोघे साडेसहाला आली. श्रुतीने जिन्यातूनच सांगायला सुरुवात केली. नाव पुकारले. आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा पुकारले. तेव्हा तिने हात वर केला. पुकारणाऱ्या बाई थांबल्या. ती उठून त्यांच्यापर्यंत गेली, आणि आत बसल्यावर दुसऱ्या प्रश्नाला आवाज आला. पुढे आलाच. आठवड्याने पत्रही आले. ती तिथे रुजू झाली. परंतु त्या संध्याकाळी हे काही ठरलेले नव्हते आणि तरी ती सलग बोलत होती. लांजेवार तिच्या मागे उभे होते. पांढरा शर्ट घामाने भिजला होता. त्यांनी तिचे बोलणे संपू दिले, मग मला विचारले, "आला?"

"वाटेत आहे," मी म्हणालो.

"नोंद घेतली," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने खूण तपासली. मी खुर्ची एक बोट सरकवली होती. दोन बोटे भरली. लांजेवारांना विचारले. रात्री दमून लवकर झोपलो, हात लावला नाही, असे त्यांनी सांगितले. श्रुतीनेही लावला नव्हता.

मी फेरमोजणी केली नाही.