आप्पांची भारचाचणी

हॉलमधल्या फळीवर तीन डबे ओळीने लुकलुकत होते. एक केबलवाल्याचा, एक फायबरचा आणि एक सिमकार्ड घालून चालणारा. तिन्ही कंपन्या म्हणाल्या होत्या, "आधी वापरून बघा, मग घ्या," आणि आप्पांनी ते फारच मनावर घेतलं होतं. त्यांची उभी हयात दुकानादुकानांतली वजनं-मापं तपासण्यात गेलेली. कंपनीने छातीठोकपणे सांगितलेला स्पीड ते असाच मान्य करतील? छे!

"रिकामा काटा बघून काय कळतं? भार ठेवून बघायचा असतो!" असं म्हणत ते टीव्हीवर एक सिनेमा लावत, लॅपटॉपवर दुसरा, आणि मग मोबाईलवर स्पीड टेस्ट सुरू. एक संपली की लगेच पुढची. भार सगळ्यात जास्त कधी? तर संध्याकाळी, दूरदेशी राहणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा. मुहूर्त तोच ठरला.

इकडे आजींचा सगळा जीव त्या कॉलमध्ये. नात उभी राहायला लागली होती, आज-उद्या पहिलं पाऊल टाकणार होती. एवढ्या लांब जाणं काही जमणारं नव्हतं. बघायचं ते त्या टीचभर पडद्यावरच.

"अगं बाई, हात सोडला बघ तिने! ये गं, ये..." आजी ओरडल्या, आणि नात एक पाय उचललेला तशीच थिजली. तिच्या नाकावर चाक गरगर फिरू लागलं.

"फायबर नापास!" आप्पांनी निकाल दिला.

"मेलं तुमचं ते फायबर! पोरगी पडली की उभी आहे, ते सांगा आधी!"

केबलवर नातीचा नुसता एक कान दिसला. सिमवाल्या डब्यावर नुसता आवाज आला, तोही घशात अडकल्यासारखा. आप्पांनी तिन्ही कंपन्यांना फोनवरून झाप झाप झापलं. तिन्हीकडून एकच उत्तर आलं, "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे." झालं! मापात पाप करणारी अख्खी टोळीच सापडल्याचा आनंद आप्पांच्या चेहऱ्यावर मावेना. त्यांनी भार आणखी वाढवायचं ठरवलं. त्यासाठी आजींचा मोबाईल हवा होता.

पण संध्याकाळी सगळं सुरू करून बघतात तर आजीही नाहीत आणि मोबाईलही नाही. खिडकीतून डोकावले, तर खाली शिवणकामाच्या दुकानातून आजींचा आवाज. आप्पा चिडले. टीव्ही बंद, लॅपटॉप बंद, टेस्ट बंद करून तरातरा जिना उतरले.

दुकानात शिंपीणबाई मशीन थांबवून, ओठांत टाचणी धरून आजींच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत होत्या.

"अहो, या लवकर!" आजी म्हणाल्या. "मघापासून नुसतं अडकत होतं, आत्ताच कुठे स्वच्छ दिसायला लागलंय!"

नात सोफा धरून उभी होती. तिने हात सोडला. एक पाऊल टाकलं, डुलली, सावरली, मग दुसरं टाकलं, आणि धपकन थेट मोबाईलवरच येऊन आदळली. पडदाभर तिचं लाळेने माखलेलं हसू. आजींच्या डोळ्यांना धार लागली. शिंपीणबाईंनी टाळ्या पिटल्या. आप्पा मात्र भलत्याच आनंदात होते.

"वा! याला म्हणतात कनेक्शन! बाई, कुठल्या कंपनीचं हो? उद्याच घेतो."

"माझं कुठलं आलंय, आप्पा? तुमचंच की. केबलचं. वरचं वाय-फाय इथवर पोचतं."

"शक्यच नाही! ते मी नापास केलंय. आपोआप कसं सुधारेल?"

आजींनी डोळे पुसले. "आपोआप नाही काही. तुम्ही वरचं सगळं बंद करून जिना उतरलात ना, तेव्हा सुधारलं."

पडद्यातून लेकीचं खो खो हसणं ऐकू आलं. आप्पांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग हातातल्या आपल्या स्पीड टेस्टवाल्या मोबाईलकडे. मग तो मोबाईल त्यांनी मुकाट्याने शिंपीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"रोज संध्याकाळी हा तुमच्याकडे राहू दे. मी मागितला तरी द्यायचा नाही."

आणि स्टूल ओढून आजींना अगदी खेटून बसले. "जरा सरक," ते हळूच म्हणाले, "इतके दिवस मी तिच्याकडे नीट बघितलंच नाही गं."