आईच्या हाताखाली बीअर: कार्यपद्धती, मसुदा पहिला

राज्य चालवणं आणि बीअर आंबवणं ही दोन कामं माणसाने आईच्या पोटातूनच शिकून यावीत. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्या सोयीसाठी परमेश्वराने छापील नमुने निर्माण केले आहेत.

सेल्लोआने ही या नमुन्यांवर पोसलेली बाई. लेसोथोच्या राजधानीत, मासेरूच्या एका सरकारी कचेरीत एकवीस वर्षं तिने लोकांकडून नमुने भरून घेतले होते आणि त्यातले बहुतेक परत पाठवले होते. तेव्हा हा-राकोमा गावी आईचा उजवा खांदा ऐन कापणीच्या तोंडावर आखडला, तशी ती नऊ दिवसांची रजा, दोन वह्या, एक वजनकाटा आणि एक रबरी शिक्का घेऊन आईकडे आली.

प्रसंग गंभीर होता. हा-राकोम्यात कापणीला मजूर मिळत नाहीत, शेजारी मिळतात. आणि शेजाऱ्यांना बीअर लागते. बीअर चांगली झाली तर एका दिवसात शेत मोकळं. नाही झाली तर शेत पाखरांचं. पाखरं रोज सकाळी येऊन पाहणी करून जात होती. (त्यांच्या खात्यात दिरंगाई नसते.) शनिवारचा दिवस ठरला होता आणि त्यानंतर गावात कुणालाच सवड नव्हती.

आईचं नाव मासेल्लोआने. इथे बाईला पहिल्या लेकराच्या नावाआधी 'मा' लावून हाक मारतात. त्यामुळे लेकीने काहीही नासवलं, तरी नासवणारी म्हणून आपोआप आईचंच नाव घेतलं जातं. फार सोयीची पद्धत आहे.

मंगळवारी माहितीसंकलन झालं.

"पाणी किती?"

"लागेल तेवढं."

"आणि पीठ?"

"पाण्याला पुरेल तेवढं."

"आंबायला किती वेळ धरायचा?"

"आंबेपर्यंत. तुला त्या कचेरीत पगार कशाचा देतात गं?"

सेल्लोआनेने सर्व उत्तरं योग्य त्या रकान्यात नोंदवली. आईची मूठ तीनदा वजनकाट्यावर घेतली: एकसष्ट ग्रॅम, चौऱ्याहत्तर ग्रॅम आणि एकशे अठरा ग्रॅम. (तिसऱ्या वेळी शेजारणीचा विषय निघाला होता.) सरासरी चौऱ्याऐंशी पूर्णांक तेहेतीस. हीच पुढे 'प्रमाणित मूठ' म्हणून मंजूर झाली आणि तिच्यावर शिक्का बसला.

बुधवारी ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवून आंबायला ठेवलं. गुरुवारी ते तीन पायांच्या बिडाच्या हंड्यात शिजवायचं होतं. पण गुरुवारी गावातल्या बायकांची प्रार्थनासभा, आणि मासेल्लोआनेने ती खांद्यासाठीच काय, स्वतःच्या लग्नासाठीही चुकवली नव्हती. सभेच्या गणवेशाची पांढरी कॉलर नीट करत तिने सूचना दिल्या.

"शिजव. मग गार होऊ दे. गार झालं की मोडाचं पीठ घाल आणि वर विरजण."

"गार किती वेळ?"

"चार स्तोत्रं."

"चारच?"

"चार. मनापासून म्हण म्हणजे झालं."

आता, मासेल्लोआनेची चार स्तोत्रं ज्याने ऐकली आहेत त्याचा जन्म सार्थकी लागला आहे. ती पहिलं कडवं तीनदा म्हणते, कारण एकदा म्हणून देवाला ऐकू गेलं तरी आपल्याला पटत नाही. दुसऱ्या कडव्यावर थांबून ती निरूपण करते, आणि तेही गाऊनच. तिसऱ्यावर तिचे डोळे भरून येतात. चौथ्याआधी गावातल्या आजाऱ्यांची नावं चालीत बसवून घेतली जातात, गुरांसकट. अशी चार स्तोत्रं व्हायला अडीच तास लागतात. तोवर हंडा कोमट होतो, ऐकणारा निवतो आणि विरजणाला घरात पाऊल टाकायला योग्य हवा तयार होते.

सेल्लोआनेने मोबाइल लावला. शहरातल्या एका नामवंत गायकवृंदाने तीच चार स्तोत्रं चौदा मिनिटं वीस सेकंदांत संपवली. तिने वहीत लिहिलं: "वेळेची बचत, नव्वद टक्के." मग मोडाचं पीठ घातलं. विरजण घातलं. हंड्यातून इतकी वाफ आली की तिचा चष्मा आंधळा झाला. "वाफ समाधानकारक," असं तिने अंदाजाने लिहिलं.

विरजण म्हणजे जीव. गेल्या मोसमाच्या बीअरमधून मडक्यात जपून ठेवलेले ते कोट्यवधी जीव एका प्रशासकीय निर्णयात निवर्तले. (नमुन्यात दुखवट्याचा रकाना नव्हता.)

मग हंडा निळ्या पिंपात रिकामा झाला आणि झाकणाला चिकटपट्टी लागली: 'शनिवार सकाळपर्यंत उघडू नये.' खाली शिक्का. मासेल्लोआने घरी आली, तिने पिंपाला कान लावला, कपाळाला आठी घातली, पण झाकणाला हात लावला नाही. शिक्क्याला ती फार मान देते.

शुक्रवारी दुपारी चार वाजता, कलम अकरानुसार, अंगणातल्या काठीवर पांढरं निशाण चढलं. निशाण वर म्हणजे घरात बीअर आहे. ते उतरतं ते बीअर संपल्यावरच. कुणी प्यायच्या आधी उतरलं, तर घरात कुणीतरी मेलं आहे किंवा कुणीतरी खोटं बोललं आहे.

शनिवारी उजाडता उजाडता झाकण निघालं. फेस नाही, बुडबुडा नाही. मासेल्लोआनेने बोट बुडवून चाटलं.

"सेल्लोआने, ही आंबील आहे."

"मी सगळं पद्धतशीर केलं होतं!"

"हो ना. अगदी पद्धतशीर आंबील आहे."

"आता काय करायचं? निशाण उतरवू?"

"म्हणजे माझं मयत काढशील? लोक निघालेत बघ. गवताची गाळणी आण, आणि रडायचं असेल तर पिंपात नको रडूस. आधीच पातळ झालंय."

एकतीस माणसं आली, विळ्यांसकट. पहिला वाडगा रीतीप्रमाणे मोखेथीआबांना. गावात ते 'आहे' म्हणाले तर बीअर आहे. आबांनी घोट घेतला. तो तोंडात बराच वेळ फिरवला. त्यांनी मासेल्लोआनेच्या आखडलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग सेल्लोआनेच्या तोंडाकडे, आणि तिथे जे दिसलं ते पाहून पटकन शेताकडे पाहिलं. पाखरं बसलेलीच होती.

आबांनी मिशा पुसल्या.

"पोरी," ते म्हणाले, "जरा कडकच झालीय."

पुढचं सगळं नियमाला धरून झालं. दुसऱ्याने वाडगा संपवून "बाप रे" म्हटलं. तिसऱ्याला दोन निशाणं दिसू लागली. आबांना चढली आणि आपल्याला नाही, असं चारचौघांत कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. नऊ वाजेपर्यंत सगळं शेत गात होतं. (स्तोत्रंच, पण त्या चालीवर चर्चमध्ये परवानगी मिळाली नसती.) दिवसभरात झालेली नोंद अशी: बांधावरून पडलेले, चार. एका कालवडीवरून जुनं भांडण उकरून काढून गळ्यात पडून रडलेले, दोन. लग्नाची मागणी, एक, नकार, एक, दुपारनंतर फेरविचार, एक. मापुलेंग नावाच्या बाईने "मला धरा गं" असं तीनदा सांगितलं आणि कुणी धरेना तेव्हा दोन ओळी जास्त कापल्या.

उन्हं कलायच्या आत शेवटचं कणीस आत आलं. पाखरांनी रिकाम्या शेतावर एक फेरी मारली आणि दुसऱ्या गावी बदली करून घेतली.

सेल्लोआने मात्र सकाळपासून वही धरून उभी होती. काय शिजलं होतं ते तिला ग्रॅममध्ये ठाऊक होतं. तरी आईने एक वाडगा हातात दिला, तो तिने नाइलाजाने घेतला, मग दुसरा मागून घेतला. आणि मग एकवीस वर्षांची सरकारी नोकर, चष्मा डोक्यावर सरकवून, रिकाम्या पिंपाभोवती नाचली. आईही नाचली, एकाच खांद्याने.

"आई, खरं सांग, तुला चढली?" दम लागल्यावर सेल्लोआनेने विचारलं.

"मला? पहिल्याच वाडग्याला. तुला?"

"दुसऱ्याला."

"शिकशील हळूहळू."

अहवालाच्या शेवटी तिने लिहिलं: "मद्यांश, शून्य. परिणाम, समाधानकारक. कार्यपद्धतीत बदल आवश्यक वाटत नाही."

सुज्ञ वाचक या भोळ्या गावाला हसतील, आणि हसावंच. पण हसता हसता कुणाला अंग थोडं हलकं वाटलं असेल, शेजारच्याला उगाच टाळी द्यावीशी वाटली असेल, तर त्यांनी आपल्या हातात काय आहे ते एकदा पाहून घ्यावं. कागद आहे. आणि तो तर कुणी शिजवलासुद्धा नव्हता.