मोजणी चालू आहे

उजागरे मास्तर सकाळी कामावर यायचे तेव्हा त्यांच्या कोटाचा उजवा खिसा फुगलेला असायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना डावा. आत काय, तर चिंचोके. लायब्ररीच्या दारातून माणूस आत आला की एक चिंचोका उजव्यातून डाव्यात. डॉक्टर असो, नर्स असो, नाहीतर वाट चुकून आलेला सुप्याचा पाहुणा असो. पाहुण्याला नुसता बाळंतिणींचा वॉर्ड विचारायचा असला तरी मास्तर आधी चिंचोका हलवायचे आणि मग वॉर्ड दाखवायचे. संध्याकाळी वहीत आकडा लिहिताना मात्र तो पाहुणा वजा.

दवाखान्यात लायब्ररी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. आमचा दवाखाना भिंगारच्या रस्त्याला. मी तिथे किचनमध्ये होते. सकाळी पेज, दुपारी वरण आणि मऊ भात, आणि ते वॉर्डावॉर्डात न्यायची चाकाची गाडी माझ्या ताब्यात. लायब्ररी आमच्या किचनच्या समोरच, व्हरांड्याच्या पलीकडे. डॉक्टरांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं, शिकाऊ नर्सेसची पुस्तकं, आणि कुणी कुणी देणगी दिलेली मराठी गोष्टींची दोन कपाटं. माझं शिक्षण दुसरी, तेही चुलीत गेलेलं. मी केडगावची एसटीसुद्धा पाटी वाचून पकडायची नाही, आतली माणसं ओळखून पकडायची.

मास्तर उंच, किडकिडीत. बारा महिने तोच काळा कोट, नगरच्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण चिंचोके ठेवायचे कुठे? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी बडोद्याकडे दिलेली. दुपारी एक ते दीड लायब्ररीचं दार बंद. दारावर पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर काय लिहिलंय ते मी एकदा वॉचमनला विचारलं होतं. तो म्हणाला, "मोजणी चालू आहे." आम्ही सगळ्या बायका तेव्हा किचनमध्ये गोल करून जेवायला बसायचो आणि मास्तरांची थट्टा करायचो, की या माणसाला जेवायच्या वेळेलाही पुस्तकंच मोजायची असतात. कारकून मंडळी ऑफिसात जेवायची. मास्तर ना त्यांच्यातले, ना आमच्यातले.

त्यांचं एक पालुपद होतं. काहीही सांगा, ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे झालं आपलं. त्यांचं किती?" वॉचमनची पोर वर्गात तिसरी आली, तो पेढे घेऊन आला. मास्तरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, वर्गात मुलं किती? पाच. वॉचमन पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

माझीही वेळ आलीच. दुष्काळाचं साल होतं, बहात्तरचं. तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापायला गेलं की हातातच तुकडे. सगळा दवाखाना मला नावं ठेवत होता. मास्तर एक दिवस व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "अनुसयाबाई, तुमच्या दहातल्या चार तुटतात. भिंगारला एका खानावळीत दहातली एक तुटते. मी बसून मोजलं." मला असा राग आला म्हणता! परक्या चुलीशी माझी तुलना? पण ते पुढे म्हणाले की ती बाई पिठाची आधी उकड काढते आणि मग मळते. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप उकड काढली. भाकऱ्या अख्ख्या उतरल्या. मास्तरांना मी ते सांगितलं नाही, पण त्यांनी मोजलं असणारच.

आता खरी गोष्ट. एका सकाळी मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मुख्य, लायब्ररीत आले. एक्स-रेच्या फिल्मा ठेवायला जागा नव्हती. ते म्हणाले, मास्तर, इथे वाचायला येतं कोण? ही खोली आम्हाला द्या, पुस्तकं जिन्याखाली जातील, तुम्हाला ऑफिसात टेबल देऊ. मास्तरांनी तीन महिने मागून घेतले. म्हणाले, मी इतर दवाखान्यांच्या लायब्रऱ्यांशी ताडून दाखवतो. आपली त्यांच्याहून कमी भरली तर खोली तुमची.

मग सुरू झाली कार्डं. मिरज, सोलापूर, नाशिक, पुण्याचे दोन, अशा पाच दवाखान्यांच्या लायब्रऱ्यांना जवाबी कार्डं गेली. अर्ध्या कार्डावर प्रश्न आणि उत्तराचं कोरं अर्धं त्यालाच जोडलेलं, म्हणजे समोरच्याला सबब नको. खाटा किती, पुस्तकं किती, रोज वाचक किती, डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवल्यापासून पुस्तक हातात पडायला मिनिटं किती. अक्षर इतकं बारीक की एका कार्डात सगळे प्रश्न मावले. पोस्टमन दिसला की मास्तर फाटकापर्यंत जायचे. एरवी त्यांना टपाल येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

उत्तरं आली. मास्तर ती घेऊन आमच्या किचनच्या पायरीवर येऊन बसले. सहा लायब्रऱ्यांत आपली शेवटची. खाटांच्या मानाने वाचक सगळ्यात कमी, पुस्तक मिळायला वेळ सगळ्यात जास्त.

मी म्हटलं, "मास्तर, पाच-पंचवीस चिंचोके जास्त टाका की डाव्या खिशात. कोण बघतंय?"

ते दुखावले. म्हणाले, "ताप मोजायच्या नळीला तुम्ही सांगता का, आज जरा कमी दाखव, सासूबाई भेटायला आल्यात?"

मग बराच वेळ ते सोलापूरचं कार्ड उलटसुलट करत बसले. सोलापूरचे वाचक आपल्या तिप्पट. का? कार्डाच्या कडेला त्या भल्या माणसाने लिहिलं होतं की आम्ही वाचकाची वाट बघत नाही, पुस्तकंच वॉर्डात नेतो. मास्तरांनी मान वर केली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं.

"ही दोन ते चार काय करते?"

"विसावा घेते," मी म्हटलं. "आणि मीपण."

दुसऱ्या दिवसापासून आमचा दोघींचा विसावा संपला. दुपारी वरणाची पातेली उतरवायची, गाडी सोड्याने धुवायची, वरच्या फळीवर इंग्रजी पुस्तकं, खालच्या फळीवर गोष्टींची, आणि निघायचं. मी ढकलणार, मास्तर पुढे. चिंचोके आता चालता चालता या खिशातून त्या खिशात. कितीही धुतली तरी गाडीला वरणाचा वास यायचाच. एक तरुण डॉक्टर म्हणाले, हे हाडांचं पुस्तक आहे की फोडणीचं? मास्तरांनी तिथल्या तिथे वही काढून लिहिलं, तक्रार एक, फोडणी. आठ दिवसांनी त्याच डॉक्टरांची चिठ्ठी आली, ते फोडणीचं पुस्तक पुन्हा पाठवा.

चिठ्ठ्यांचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मास्तर सकाळी कागदाचे कपटे करून त्यावर लिहायचे, कुठलं पुस्तक कुठल्या खाटेला. पहिल्यांदा मी आकडा बघून द्यायची. मग नावातलं पहिलं अक्षर ओळखू लागले, मग दुसरं. रोज तेच बारीक, टोकदार, पायमोडक्या 'र'चं अक्षर. छापील वाचायला लोक आधी शिकतात आणि हाताचं मग. माझं उलटं झालं. मी मास्तरांच्या अक्षरावरच वाचायला शिकले. हे मी कुणाला बोलले नाही. या वयात शिकले म्हटलं तर बायका हसल्या असत्या.

पुरुषांच्या वॉर्डात पाथर्डीकडचे एक म्हातारबाबा होते, पाय प्लास्टरमध्ये. ते म्हणाले, "मास्तर, मला वाचता न्हाई येत. पर ते गोष्टीचं बुक ठिवा हितंच. ह्यो शेजारचा वाचतो, मी आयकतो. लई झ्याक वाचतो गडी." आता मास्तरांपुढे पेच. चिंचोका एक की दोन? त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी सोलापूरला वेगळं कार्ड टाकलं, ऐकणारा वाचकात धरता का? उत्तर आलं, नाही धरत. मास्तर म्हणाले, "त्यांचं चुकतंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं ते त्यांच्यापेक्षा बरं वाटलं. म्हातारबाबांना चिंचोका मिळाला.

तीन महिने भरत आले. मास्तरांनी फळ्याएवढा मोठा कागद आणला, रूळ लावून रकाने पाडले. सहा दवाखाने, त्यांचे सगळे आकडे, आणि आपली ओळ तांबड्या शाईने. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायला त्यांना खळ हवी होती, आणि खळ करावी तर अनुसयाबाईंनी. मी वाटीभर घट्ट खळ घेऊन गेले. मास्तर मोठ्या डॉक्टरांना द्यायचं पत्र लिहीत होते. मान वर न करता त्यांनी मला एक कोरी पट्टी दिली आणि म्हणाले, शेवटच्या रकान्यावर ही चिकटवून टाका. तो मोठ्या डॉक्टरांच्या कामाचा नाही.

मोजणीत कधी चुकला नाही असा माणूस, पण मला त्यांनी वाचणाऱ्यांत धरलं नव्हतं.

मी पट्टीला खळ लावली आणि रकान्याकडे पाहिलं. तेच बारीक, टोकदार अक्षर, पायमोडका 'र'. प्रश्न अकरावा. ग्रंथपाल दुपारी जेवताना सोबत किती जण असतात?

ग्रंथपाल म्हणजे लायब्ररीवाले, एवढं मला ठाऊक होतं. खाली उत्तरं. मिरज, चार. सोलापूर, दोन, शिवाय गुरुवारी मेहुणे. नाशिक, पाच. पुण्याचे तीन आणि तीन. बिचाऱ्यांनी सगळ्यांनी मोजून लिहिलं होतं. आणि खाली तांबड्या शाईत आपली ओळ. ती जागा त्यांना कोरी सोडता आली असती, पण मास्तरांना खोटं जमत नव्हतं. तिथे शून्य होतं.

बोटावरची खळ सुकून गेली. मी पुन्हा लावली आणि पट्टी नीट, कडेला कड लावून चिकटवली.

मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी तो पुठ्ठा भिंतीशी उभा करून वाचला. तीन महिन्यांपूर्वी आपण सहावे, आता वाचकांत तिसरे. चिठ्ठीपासून पुस्तक हातात, त्यात दुसरे. ते म्हणाले, खोली राहू द्या, फिल्मांचं बघतो मी कुठेतरी. जाता जाता हसून म्हणाले, तुमच्या गाडीचा वास मात्र काहीतरी करा. आम्ही सगळ्या दारात गोळा झालो होतो. मास्तरांच्या तोंडावर आनंद दिसेल म्हणून बघतोय, तर ते पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "मिरज अजून पुढे आहे."

त्या दिवशी एक वाजता दार लागलं. दारावरचा तो जुना पुठ्ठा टांगला गेला. तो मी पहिल्यांदाच स्वतः वाचला. किचनमध्ये बायका पानं घेत होत्या. मी माझी थाळी उचलली, एक भाकरी जास्त घेतली, व्हरांडा ओलांडला आणि दार वाजवलं.

आतून आवाज आला, "मोजणी चालू आहे."

"म्हणूनच आले," मी म्हटलं. "एकटा माणूस काय मोजणार? दार उघडा."

मग कडी निघाली. टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोन चपात्या आणि लोणच्याची फोड. मास्तरांनी माझ्या थाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीशी ठेवलेल्या त्या पुठ्ठ्याकडे, नेमकं कोऱ्या पट्टीकडे. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी दुसऱ्या स्टुलावरची पुस्तकं उचलून खाली ठेवली आणि स्टूल कोटाच्या बाहीने पुसलं. मी बसले. मी भाकरी मोडत होते तेव्हा खिशात हात घालून त्यांनी हळूच एक चिंचोका उजव्यातून डाव्यात टाकला.

आठवड्याभरात किचनच्या आणखी दोघी येऊ लागल्या. शुक्रवारी वॉचमन. दारावरचा पुठ्ठा राहिला, पण दार उघडं असायचं.

पुढच्या साली मास्तरांनी पुन्हा कार्डं काढली. मिरजेला गाठायचं होतं ना. तिकिटं चिकटवायला खळ मीच करून दिली, आणि ती वाळेपर्यंत एक कार्ड हातात घेऊन वरपासून खालपर्यंत प्रश्न मोजले.

दहाच होते.